शब्द सुचवायचा नाही

सोमवार, ७ सप्टेंबर

कार्यकारिणीने संवादमाला मंजूर केली. दर शनिवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या मोठ्या वाचनकक्षात गावातल्या एखाद्या कलावंताशी, शिक्षकाशी किंवा ग्रंथपालाशी तासभर बोलायचे, ते ध्वनिमुद्रित करायचे आणि पुस्तकांसारखेच जपून ठेवायचे. प्रश्न मी विचारणार. मुख्य ग्रंथपाल मीच, तेव्हा दुसऱ्या कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता.

मंजुरी मिळते न मिळते तोच अध्यक्षांनी घसा खाकरला. "बाई, पहिल्या शनिवारी आमचे मेहुणे चालतील. बासरी वाजवतात." मेहुण्यांची बासरी मी एकदा भिंतीपलीकडून ऐकली आहे. तिथल्या तिथे नियम केला: कार्यकारिणीचे आणि कर्मचाऱ्यांचे नातेवाईक सर्वांत शेवटी. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनीही डोलावली, दुसरे करणार काय.

दुसरा नियम माझ्यापुरता. पाहुणा बोलता बोलता अडला, तर आपण शब्द सुचवायचा नाही. वाट पाहायची. सुचवलेला शब्द माणूस उपकार मानून घेतो आणि त्याचा स्वतःचा आतच राहतो. काउंटरवर "ते पुस्तक हवं होतं, ते..." म्हणून थांबणाऱ्या वाचकालाही मी असाच थांबू देते. काही जण चिडतात. चिडोत.

घरी धाकट्याला सांगितले. धाकटा म्हणजे माझा भाऊ. आम्ही दोघेही बिनलग्नाचे, एकाच घरात राहतो. गेल्या वर्षी त्याने निवृत्तीच्या आधीच चित्रकला शिक्षकाची नोकरी सोडली. कारण विचारले तर "कंटाळा" एवढेच सांगितले. आता मागच्या खोलीत दिवसभर लाकडी ठोकळ्यांवर चित्रे कोरतो आणि शाई लावून कागदावर छापतो.

"मग मी कधी?" त्याने विचारले.

"तू शेवटी. नियम आहे."

"केला कोणी?"

"मी."

"मग मोडायला तूच बरी."

"मोडण्यासाठी करतात का?"

हसला. थोड्या वेळाने ताट उचलता उचलता म्हणाला, "ताई, लवकर घे मला. खरंच सांगतोय." प्रसिद्धीची हौस माणसाला कोणत्या वयात लागेल, काही सांगता येत नाही. रेकॉर्डर सांभाळायचे काम मात्र त्याच्याकडे दिले. तेवढीच हौस फिटेल.

शनिवार, १२ सप्टेंबर

पहिला संवाद झाला. पाहुणे नाटकांचे पडदे रंगवणारे म्हातारे गृहस्थ.

सुरुवातीलाच धाकट्याने वात्रटपणा केला. माइक तपासताना म्हणतो, "एक, दोन, तीन, ताईच्या भुवया चढल्या, चार, पाच, सहा. ताई, येतोय का आवाज?" सगळा कक्ष हसला. मी म्हणाले, "येतोय. पुरे." मग त्याने ठरल्याप्रमाणे वार, तारीख आणि पाहुण्याची ओळख सांगितली. आवाज चांगला आहे त्याचा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

पाहुण्यांना विचारले, कोणता पडदा रंगवणे जड गेले? ते अडले. मी गप्प राहिले. पहिल्या रांगेत चुळबुळ झाली, कोणीतरी "राजवाडा? जंगल?" असे पुटपुटले. मी डोळे वटारले. शेवटी म्हातारबाबा म्हणाले, "घराचा. मी रंगवलेल्या सगळ्या घरांची दारं बंद आहेत. उघडं दार कधी जमलंच नाही मला." आणि रुमाल काढला. मी सुचवले असते तर राजवाड्यावर भागले असते.

परतताना धाकटा म्हणाला, "किती थांबलीस गं तू!"

"नियम आहे."

"माझ्या वेळीही थांबशील?"

"तू कशाला अडतोयस? तुझ्या तोंडाचा पट्टा झोपेत तेवढा बंद असतो."

"पण अडलो तर? सुचवणार नाहीस ना?"

"नाही. नातेवाइकांना सवलत नाही."

त्याला हे ऐकून बरे वाटले असावे. रस्ता ओलांडताना माझा हात धरला. एरवी धरत नाही.

बुधवार, २३ सप्टेंबर

धाकट्याचे बोलणे हल्ली गबाळे झाले आहे. "ते दे", "त्यात ठेव", "तो आला होता, तो". आज मागच्या खोलीतून हाक मारली. "ताई, ते दे गं, ते... टोकदार."

"कोणतं टोकदार? सुई, खिळा, पेन्सिल, की माझी जीभ?"

"अगं ते, माझं ते."

लाकूड कोरायची पटाशी. हातभर अंतरावर पडली होती. सगळे आयुष्य जी हातात धरली, तिचे नाव घ्यायचा आळस! मी बजावले, वस्तूला नाव असते, नावाने मागावी. हो म्हणाला. जेवताना एक शब्द बोलला नाही. फुगला असेल. फुगू दे.

दातासाठी पुन्हा दवाखान्यात जाऊन आला. इतक्या वेळा बोलावून दात का काढत नाहीत कोण जाणे. दाखव म्हटले तर तोंड मिटून घेतो, लहानपणी औषधाला मिटायचा तसे.

शनिवार, ३ ऑक्टोबर

आजच्या पाहुण्या निवृत्त मुख्याध्यापिका. माझा नियम कपाटातच राहिला. बाईंनी तासाभरात श्वास घेतलेला मी पाहिला नाही. शेवटी आभारही त्यांनीच मानले, माझेसुद्धा.

धाकट्याने आज माइक तपासताना फक्त आकडे म्हटले. "एक, दोन, तीन. येतोय का?" ओळखही हातातल्या कागदावरून वाचली. आगाऊपणा नाही, भुवया नाहीत. त्या दिवशी समज दिल्याचा उपयोग झाला म्हणायचा.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

दुपारी बालविभागात गेले होते. पंख्याचा आवाज येतो अशी तक्रार होती. तिथे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर धाकटा आणि आमच्या बालविभागाच्या बाई शेजारी शेजारी बसलेले. समोर चित्रांचे पुस्तक. हा चित्रावर बोट ठेवतो, ती काहीतरी म्हणते, हा तिच्या तोंडाकडे पाहून तेच म्हणतो. "घुबड," ती म्हणाली. "घुबड," हा म्हणाला आणि दोघांनाही कोण आनंद! मला पाहताच पुस्तक मिटले.

बाई विधवा आहेत, स्वभावाने बऱ्या, काम चोख. पण या वयात ही लाडीगोडी, तीही घुबडावरून आणि कामाच्या वेळेत! पंख्याचे बोलायचे राहून गेले.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

बालविभागाच्या बाई स्वतःहून माझ्या टेबलापाशी आल्या.

"मॅडम, सरांची मुलाखत आधी घ्या ना. जमलं तर पुढच्याच शनिवारी."

"का?"

"ते त्यांनीच सांगायला हवं."

"तुम्हा दोघांचं काय ठरलंय ते तुम्ही सांगा की आधी."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "काय ठरायचंय, मॅडम?"

मी स्पष्ट सांगितले की या वयात लग्न करायला माझी ना नाही, पण भावजय झालात तरी नियम तोच राहील. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, कळले नाही. डोळे ओले होते एवढे खरे.

रात्री जेवताना धाकट्यालाच विचारले, "लग्न करायचंय का तुला?" तो इतका हसला की ठसका लागला. पाणी दिले. "ताई, तू ना... तू म्हणजे..." म्हणाला आणि पुढे काहीच नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, हात हवेत धरून.

"वाक्य पुरं करावं माणसाने," मी म्हणाले आणि ताटे उचलली.

शनिवार, १७ ऑक्टोबर

आज जे झाले ते क्रमाने लिहिते.

पाहुणे शेजारच्या वस्तीतल्या लहानशा वाचनालयाचे ग्रंथपाल होते. कक्ष भरला होता. धाकट्याने माइक हातात घेतला. "एक, दोन, तीन." मग ओळख सांगायची. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे कागद वाचता येईना. "आज..." म्हणाला. "आज..."

मी थांबले नाही. तो पाहुणा नव्हता. सगळ्यांदेखत म्हणाले, "आज शनिवार! पुढे?"

त्याने माइक हळूच टेबलावर ठेवला, चहाचा कप ठेवावा तसा, आणि बाहेर गेला. बालविभागाच्या बाई त्याच्या मागोमाग उठल्या. ओळख मीच करून दिली आणि संवाद पूर्ण केला. त्या गृहस्थांनी काय सांगितले, मला एक अक्षर आठवत नाही. रेकॉर्डरवर असेल.

नंतर बालविभागात गेले. धाकटा बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीशी आलेले. मी त्याला झापायच्या तयारीनेच गेले होते. बाई मध्ये उभ्या राहिल्या. माझ्यापुढे असे कोणी उभे राहत नाही.

"मॅडम, सरांचे शब्द चाललेत."

"चाललेत म्हणजे?"

म्हणजे मेंदूतला शब्दांचा भाग झिजतो आहे. आधी नावे जातात, मग बाकीचे. हात शाबूत राहतील, ओळखी राहतील, समजेलही बरेच काही. बोलणे तेवढे जाईल. औषध नाही. वर्गात मुलांची नावे आठवेनाशी झाली म्हणून त्याने नोकरी सोडली. दात सगळे शाबूत आहेत.

"मला का नाही सांगितलंस?" मी त्याला विचारले. त्याने बाईंकडे पाहिले. माझ्या सख्ख्या भावाने मला उत्तर देण्यासाठी परक्या बाईकडे पाहिले.

बाई म्हणाल्या, "ते म्हणाले होते, ताईला कळलं की ती माझी वाक्यं स्वतःच पुरी करायला लागेल. पाहुण्यांसाठी थांबते तशी माझ्यासाठी एकदा थांबली तर बरं. शब्द आहेत तोवर."

शब्द आहेत तोवर. म्हणून घाई होती. मला हौस वाटली.

तरीही त्याने मला सांगायला हवे होते. एका छपराखाली राहायचे आणि सांगायचे नाही, याला काय म्हणावे? घरी येताना मी हे त्याला बोलूनही दाखवले. तो हो म्हणाला. रस्ता ओलांडताना मी त्याचा हात धरला.

सोमवार, १९ ऑक्टोबर

सकाळीच अध्यक्षांच्या घरी गेले. मी म्हणाले, येत्या शनिवारी माझ्या भावाला घ्यायचे आहे. त्या दिवशी ठरलेल्या गायन शिक्षकांना पुढची तारीख देते.

"आणि तुमचा नियम, बाई?"

"मोडला."

"मग आमच्या मेहुण्यांनी काय घोडं मारलंय?"

"त्यांनाही घ्या. हवं तर त्याच्या आधीच्या... नाही, आधी नको. नंतर घ्या."

आधी नको म्हणताना माझा आवाज जरा चढला असावा. त्यांनी चष्मा काढला. "काय झालंय?" सांगितले. ते बराच वेळ चष्म्याची काच पुसत बसले. मग म्हणाले, "मेहुण्यांचं राहू द्या हो. त्यांची बासरी कुठे पळून जात नाही." इतकी वर्षे मी या माणसाला उथळ समजत आले.

बुधवार, २१ ऑक्टोबर

तयारी केली. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर ठळक अक्षरांत शब्द लिहिले: पटाशी, ठोकळा, शाई, रोलर, शाळा, फळा. अडला की समोर धरता येतील. नियमाचे काय, असे मनात आले, पण ही वेळ नियमांची नाही.

कार्डे त्याला दिली. त्याने एकेक उलटून पाहिले. संध्याकाळी खोलीत डोकावले तर सगळ्या कोऱ्या बाजूंवर घुबडे छापलेली, दोरीवर वाळत घातलेली. काही घुबडांच्या भुवया चढलेल्या.

"अरे, ती वाचायला होती!"

"हो," म्हणाला. मजेत होता.

शनिवार, २४ ऑक्टोबर

कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याचे जुने विद्यार्थी आले होते. पोटे सुटलेले, केस पिकलेले, काही जणांच्या कडेवर मुले. रेकॉर्डरपाशी बालविभागाच्या बाई बसल्या. माइक मात्र त्यानेच तपासला. "एक, दोन, तीन." मी म्हणाले, "येतोय."

शाळेविषयी विचारले. "शाळा. हो. मुलं. सगळी... ती." हात पसरून त्याने समोरच्यांकडे दाखवले, लोक हसले, ते ठीक झाले. कोरायला कधी सुरुवात केली, विचारले. त्याने हात गुडघ्याच्या उंचीवर धरला, मग माझ्याकडे बोट दाखवून आपला कान पिरगाळला. बरोबर आहे. त्याने आईचा पोळपाट कोरला होता आणि कान मी पिरगाळला होता. हे मी बोलले नाही.

मग विचारले, "कोरताना काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे कसं ठरवतोस?"

त्याने तोंड उघडले. मिटले. ठोकळ्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा उघडले.

माझ्या जिभेवर शब्दांची रांग लागली होती. त्याला काय म्हणायचे असेल ते मला ठाऊक होते. निदान तसे वाटत होते. मी पुढे वाकले. तेवढ्यात त्याने तळहात उचलला, वर्गाला गप्प करायला उचलायचा तसा, माझ्याकडे न बघताच. आणि कक्षातले ते सगळे पोक्त विद्यार्थी एकदम ताठ झाले. एक कडेवरचे मूल रडू लागले होते, त्याच्या बापाने त्याला पटकन खांद्यावर घेतले आणि थोपटले.

मी मागे टेकले. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचे दार ओढून घेतले. समोर पहिल्या रांगेत अध्यक्ष बसले होते, त्यांचे ओठ हलत होते, तेही मनात शब्द शोधत असावेत. धाकटा वर बघेना, खाली बघेना. घाम आला होता. पुसावासा वाटला. मी माझे हात मांडीखाली घेतले.

"राहतं..." तो म्हणाला.

थांबला. आम्ही सगळे थांबलो.

"राहतं ते... उमटतं."

मी म्हणणार होते ते हे नव्हते. मी अंधार आणि उजेड असे काहीतरी म्हणाले असते, पुस्तकी. त्याने सांगितले ते सरळ कामाचे होते. जे कोरून काढले ते कागदावर कोरे राहते, ठोकळ्यावर जे राहते त्याला शाई लागते.

पुढचा प्रश्न माझ्यासमोर लिहिलेला होता. मला वाचता आला नाही. चष्मा होता डोळ्यांवर. त्यानेच उठून ठोकळ्यावर शाई फिरवली, कागद ठेवला, हाताने दाबला आणि उचलून लोकांना दाखवला. मग दुसरा. रांग लागली. प्रत्येकाला त्याने एकेक छाप दिली. नाव कोणाचेच घेता आले नाही, पण ज्याच्या त्याच्या खांद्यावर अशी थाप मारली की प्रत्येक जण आपल्याला ओळखले असेच समजून गेला. ओळखले असेलही.

सोमवार, २६ ऑक्टोबर

अध्यक्ष ध्वनिमुद्रण ऐकून आले. म्हणाले, "छान झालंय. मधली शांतता तेवढी थोडी कमी करून घेऊ, बाई. ऐकणाऱ्याला वाटेल यंत्र बिघडलं."

"वाटू दे."

"पण फार लांब आहे हो."

"त्याला तेवढा वेळ लागला," मी म्हणाले. "ऐकणाऱ्यालाही लागू दे."

ध्वनिफीत जशीच्या तशी दाखल केली.

शनिवार, २८ नोव्हेंबर

मालेचा शेवट मेहुण्यांनी केला. बासरी मी समजत होते तितकी वाईट नाही. भिंतीपलीकडून ऐकणे आणि समोर बसून ऐकणे यात फरक पडतो. धाकटा पहिल्या रांगेत होता, डोळे मिटून. त्याला शब्द नसलेले बरे वाटते आता.

शनिवार, १७ जुलै

मध्ये बरेच महिने लिहिले नाही. लिहिण्यासारखे रोज एकच होते, काल होते ते आज नाही.

बालविभागाच्या बाई रविवारी येतात. चित्रांची पुस्तके आणणे त्यांनी बंद केले आहे, नुसत्या त्याच्याजवळ बसतात आणि कागद कापून देतात. मी त्यांना एकदा म्हणाले, मी उगाच काहीबाही समजले होते. त्या म्हणाल्या, "उगाच नाही, मॅडम," आणि कात्री चालवत राहिल्या.

त्याचा हात चांगला चालतो. मागच्या खोलीतून दिवसभर लाकूड खरवडल्याचा आवाज येतो, तो थांबला की मी जाऊन बघते. पटाशी मागायला आता तो ते-ते करत नाही, हात पुढे करतो. मी देते. देताना "पटाशी" म्हणते. सुचवत नाही, नुसते म्हणते.

"हो" अजून आहे. "ताई" गेले. कोणत्या दिवशी गेले ते माझ्या लक्षात आले नाही. सगळ्या गोष्टींच्या नोंदी ठेवणारी मी, एवढी एक राहिली. शेवटचे कधी म्हणाला, कशासाठी म्हणाला, मी "काय आहे?" म्हणून ओरडले होते का, काहीच आठवत नाही.

आज दुपारी स्वयंपाकघरात होते. खरवडण्याचा आवाज थांबला. मग मागच्या खोलीतून तो म्हणाला, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात, "एक, दोन, तीन."

मला आधी वाटले, काहीतरी मोजतोय. पुन्हा म्हणाला, "एक, दोन, तीन." आणि थांबला.

आकडे राहिले आहेत त्याच्याकडे. तेवढेच राहिले आहेत, तर हाक त्यांचीच केली.

मी हात पुसले. "येतोय," म्हणाले. "येतोय आवाज." आणि गेले.